सहा महिन्यांसाठी ठेवलेलं झाड

थोरल्याने झाड सहा महिन्यांसाठी ठेवलं होतं. तो ज्या विमा कचेरीत काम करायचा ती बंद पडली. टेबलं, खुर्च्या, पंखे ज्याला जे हवं ते त्याने उचलून नेलं आणि दाराजवळचं रबराचं झाड तेवढं उरलं. ते थोरल्याने टॅक्सीत घालून धाकट्या भावाच्या घरी आणलं. तेव्हा ते कमरेएवढं होतं. कुंडीला तडा गेलेला होता आणि त्यावर कुणीतरी चिकटपट्टी मारलेली होती. पुढच्याच आठवड्यात थोरल्याला बंदरांमधला गाळ उपसणाऱ्या एका जहाजावर भांडारपालाची नोकरी लागली. निघताना त्याने दारात धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"झाडाकडे जरा बघ रे. सहा महिन्यांत येतोच मी."

"बघतो," धाकटा म्हणाला.

बघतो म्हटलं की बघायचं, असा धाकट्याचा स्वभाव. तो लिफ्ट-मेकॅनिक होता. शहरातल्या एकेचाळीस लिफ्ट त्याच्या देखरेखीखाली होत्या आणि त्यांतली एकही त्याच्या चुकीने कधी अडकली नव्हती. पण झाडाचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. लहानपणी दोघा भावांनी मिळून एकदा घेवडा पेरला होता, तोही उगवला का बघायला रोज उकरून काढून मारला होता.

महिन्याभरात झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली. धाकट्याने पाणी वाढवलं. आणखी गळली. मग एक पान खिशात घालून तो कामावरून येताना नर्सरीत गेला. नर्सरीवाली बाई जाड चष्म्याची, तुटक बोलणारी होती. तिने पान उलटसुलट केलं.

"पाणी किती घालता?"

"रोज एक तांब्या."

"बुडवताय तुम्ही त्याला. बोट खुपसून बघायचं. दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी. ओल्या फडक्याने पानं पुसा. उजेड द्या, ऊन नको. आणि सारखं इकडून तिकडे हलवू नका, त्याला आवडत नाही."

धाकट्याला हे पटलं. ही यंत्राच्या निगेची भाषा होती. प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये भिंतीवर एक कार्ड टांगलेलं असतं. कुठल्या तारखेला दोर तपासले, कधी ब्रेक बघितला, कधी तेल दिलं, खाली सही. तसंच एक कार्ड त्याने झाडाच्या आधाराच्या काठीला दोऱ्याने बांधलं. पाणी, पुसणं, कुंडी वळवणं, आणि समोर सही.

त्याची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिने कार्ड वाचलं आणि म्हणाली, "आपल्या लग्नाला सहा वर्षं झाली. माझं असं कार्ड कुठे आहे?"

"तू बिघडलीस की सांगतेस. ते सांगत नाही," धाकटा म्हणाला.

सहा महिने झाले. थोरला आला नाही. त्याचं जहाज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गेलं, करार वाढला, मग पुन्हा वाढला. दोनदा येतो म्हणाला, दोनदा आला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. धाकटा आधी प्रकृती विचारायचा आणि मग झाडाची बातमी द्यायचा. कुंडी बदलली, नवीन पान फुटलं, पानांवर पिठ्या ढेकूण झाले होते ते कापसाने एकेक टिपून काढले. पलीकडून थोरला "वा, वा" म्हणायचा आणि भावजयीचं कसं चाललंय असं विचारण्याऐवजी पाऊसपाणी विचारायचा, कारण फोनवर काय बोलावं हे त्याला कधी सुचलंच नाही.

झाडाला या घराची हवा मानवली. तिसऱ्या वर्षी ते धाकट्याच्या डोक्यावरून गेलं. बैठकीत ते मावेना, म्हणून त्याला आतल्या छोट्या खोलीत हलवलं. ती खोली खरं तर थोरला आला की त्याच्यासाठी, अशी ठेवलेली होती. चार कुंड्या बदलून झाल्या. शेवटी कापून अर्धं केलेलं प्लॅस्टिकचं पिंप, त्याखाली चाकांची फळी. सातव्या वर्षी शेंडा छताला टेकला आणि मग तिथून आडवा होऊन खिडकीकडे निघाला. पानं ताटलीएवढी झाली. खोलीत दिवसाही हिरवट काळोख असायचा.

बायको म्हणायची, "भाऊजींनी लग्न केलं नाही, त्यामुळे मला जाऊ मिळाली नाही. त्याऐवजी हे पाठवलं. जाऊ असती तर निदान भांडली तरी असती." खालची पानं ती पुसायची, वरची तो.

नर्सरीवालीने दोन-तीनदा सांगितलं, शेंडा कापा, आटोक्यात राहील. धाकटा दर वेळी मान हलवायचा.

"माझं नाही ते. भावाचं आहे. त्याला विचारल्याशिवाय कसं कापू?"

"मग विचारा की."

"आल्यावर विचारीन."

नवव्या वर्षी धाकटा पडला. सव्वीस वर्षं लिफ्टच्या पोकळ बोगद्यांमध्ये, सात-सात, अकरा-अकरा मजल्यांवर त्याने काम केलं होतं आणि त्याला कधी खरचटलंही नव्हतं. तो पडला ते घरातल्या तिपाईवरून, छताजवळचं पान पुसताना. उजवं मनगट मोडलं. एक्स-रे बायकोनेच काढला. फॉर्मवर दुखापतीचं कारण लिहायचं असतं. तिने लिहिलं, झाडावरून पडणे. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, या वयात कुठल्या झाडावर चढला होतात? धाकटा म्हणाला, घरातल्या. डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. प्लास्टर होतं तोवर कार्डावर डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या सह्या आहेत.

अकराव्या वर्षी थोरल्याचा फोन आला. जहाज भंगारात निघालं होतं. तो कायमचा परत येत होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामात त्याला काम मिळण्यासारखं होतं, तोवर महिनाभर धाकट्याकडे राहावं असा विचार होता.

"घर तुझंच आहे दादा," धाकटा म्हणाला.

येण्याच्या आदल्या दिवशी त्याने सुट्टी घेतली. सकाळपासून झाड पुसलं. एकूण दोनशे चौदा पानं भरली. खोलीत एक पलंग लावला, तो भिंतीला सरकवून, म्हणजे झाड हलवावं लागू नये. बायकोने नवी चादर घातली. दोघांपैकी कुणीच तसं म्हटलं नाही, पण दोघंही वाट बघत होती.

थोरला आला. केस विरळ झाले होते, आवाज मोठा झाला होता, इंजिनाच्या घरघरीत बोलून बोलून होतो तसा. चहा घेतला, पाय पसरले, प्रवासाच्या चार गोष्टी सांगितल्या. मग सामान ठेवायला छोट्या खोलीत गेला आणि उंबऱ्यातच थांबला.

"अरे बाप रे! केवढं वाढवलंय हे! कुठून आणलंत?"

धाकट्याच्या हातात बॅग होती. ती त्याने खाली ठेवली.

बायको मागेच उभी होती. "भाऊजी, हे तुमचं आहे."

"माझं?"

"तुम्ही ठेवून गेला होतात. कचेरीतलं."

थोरल्याने कपाळाला हात लावला आणि मोठ्याने हसला. "ते होय! अगं, ते तर मेलं असेल असं धरून चाललो होतो मी. तू फोनवर सांगायचास ते याचं? मला वाटायचं, तुला बागेचा नाद लागलाय. टाकून द्यायचं होतंस की रे. निघताना माणूस काहीतरी बोलतो."

धाकटा म्हणाला, "एका लिफ्टची तक्रार आली आहे. जाऊन येतो." आणि गेला. कुठलीही तक्रार आलेली नव्हती. बायकोला ते माहीत होतं.

त्यानंतर धाकट्याने झाडाला पाणी घालणं सोडलं. रागाने कुंडीला लाथ मारली, असं काही नाही. तो त्या खोलीत जाईना, एवढंच. थोरल्याशी तो नेहमीसारखा बोलायचा, जेवायला हाक मारायचा, गोदामवाल्यांना फोन कर म्हणून आठवण द्यायचा. कार्डावर शेवटची सही थोरला येण्याच्या आदल्या दिवसाची राहिली. बायकोनेही हात लावला नाही. तिला वाटलं, अकरा वर्षं एकाने निभावलेलं काम आपण असं मधेच उचललं तर त्याला बरं वाटेल की वाईट, ते आपल्याला सांगता येणार नाही.

तीन आठवड्यांत पानं लोंबली. थोरला सकाळी उठायचा तेव्हा पलंगावर, चपलांवर, एकदा तर पोटावर पान पडलेलं असायचं. ती पडताना आवाज येतो. पुठ्ठा पडल्यासारखा. तो पानं गोळा करून खिडकीखाली रचून ठेवू लागला. एके दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "अगं, ते झाड वाळतंय का?"

"मला काय विचारता भाऊजी? तुमचं झाड."

ती हे शांतपणे म्हणाली आणि कणीक मळत राहिली. थोरला मोरीकडे वळला. मग त्याने बादली भरून घेतली.

रोज सकाळी एक बादली. आठ दिवस. पिंपाखालून पाणी वाहून चाकांच्या फळीपर्यंत आलं. नवव्या दिवशी ते पाणी बैठकीत आलं आणि धाकट्याच्या पायाला लागलं. तो बूट घालत होता. एक पायात, एक हातात, असाच तो खोलीत गेला. जमिनीवर पिवळी पानं पडली होती आणि थोरला बादली घेऊन उभा होता.

"बुडवतोयस तू त्याला!" धाकटा ओरडला. या घरात त्याचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. "बोट घालून बघायचं आधी! दोन पेरं!"

"मला कोणी सांगितलं का?"

"मला कोणी सांगितलं होतं? मी विचारलं! नर्सरीत जाऊन विचारलं! तू म्हणालास बघ, म्हणून बघितलं मी. अकरा वर्षं!"

थोरल्याने बादली खाली ठेवली. "सहा महिन्यांत येतो म्हणालो होतो मी. तेही धरून बसला होतास?"

"हो."

"खरंच?"

"पहिली दोन वर्षं. नंतर नाही. नंतर नुसतं पाणी घालत होतो."

थोरला पलंगावर बसला. मग म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं, लवकर येणं नाही. करार दोन वर्षांचा होता. तुला सांगितलं असतं तर तू रडला असतास. आई गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. मग काहीतरी ठेवून जावं म्हटलं. काही ठेवलं की माणूस येणार असं वाटतं समोरच्याला. हाताशी हेच होतं."

"मी रडलो नसतो."

"तू घेवड्यासाठी रडला होतास."

धाकट्याला हसू आलं नाही. पण त्याने हातातला बूट खाली ठेवला, फडकं आणलं आणि पाणी पुसायला लागला. थोरल्याने दुसरं फडकं मागितलं. बायको कामावर जायला निघाली होती. ती दारातून बघून गेली आणि बाहेरचं दार तिने हळू ओढून घेतलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा दोघं भाऊ पिंपाच्या बुडाला जास्तीची भोकं पाडत होते. चहा ठेवता ठेवता तिने विषय काढला.

"भाऊजी, गोदामाजवळ खोली मिळाली ना तुम्हाला? मग जाताना आपलं सामान घेऊन जा. झाडासकट."

"ते दारातून निघायचं नाही," धाकटा म्हणाला.

"आत आलं होतं ना?"

"तेव्हा कमरेएवढं होतं."

दुसऱ्या दिवशी दोघं नर्सरीत गेले. बाईने थोरल्याला चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तो भाऊ तुम्ही. आले एकदाचे." मग तिने उपाय सांगितला. गुटी बांधायची. खोडाची साल बोटभर रुंद गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. सात-आठ आठवड्यांत त्या जागी मुळं फुटतात. मग त्याखाली कापलं की वरचा भाग हे वेगळं झाड. खालचंही मरत नाही.

"आणि चीक हाताला लावून घेऊ नका. खाजतो," ती म्हणाली.

रविवारी धाकट्याने सुरी गरम पाण्यात उकळून घेतली आणि तिपाईवर चढला. थोरल्याने तिपाई धरली.

"कुठून कापू?"

"मला काय कळतंय? कुठूनही काप."

"असं नाही. तुझं आहे, तू सांग."

थोरल्याने वर पाहिलं. खोडाला बोट लावून जरा वर नेलं, जरा खाली आणलं. "इथून."

साल काढल्याबरोबर पांढरा चीक भळभळा वाहू लागला. तो पुसायला थोरल्याने हात पुढे केला आणि सांगितलेलं विसरून उघड्या मनगटाने पुसला. दोन दिवस त्याच्या हातावर पुरळ होतं. भावजयीने दवाखान्यातून मलम आणून दिलं. म्हणाली, "एकाचं मनगट मोडलं, एकाचं सुजलं. आता माझा नंबर."

गोदामाचं काम पंधरा दिवसांत सुरू झालं. खोली तयार होती. पण थोरला लगेच गेला नाही. बसने दीड तास जाऊन दीड तास परत यायचा. कुणी कारण विचारलं नाही, कारण कारण खोडावर बांधलेलं सगळ्यांना दिसत होतं. सकाळी कामाला निघायच्या आधी दोघं त्या प्लॅस्टिकमध्ये डोकावायचे. पाचव्या आठवड्यात शेवाळात पांढरी टोकं दिसली. थोरल्याने भावजयीला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, एक्स-रे न काढता आतलं दिसतंय, बरं आहे.

त्या आठवड्यांमध्ये भाऊ फार बोलले असं नाही. थोरल्याने एकदा जहाजावरचा एक अपघात सांगितला. धाकट्याने आईच्या शेवटच्या दिवसांतलं काही सांगितलं, जे थोरल्याला माहीत नव्हतं. एरवी पाणी, पानं, बसची वेळ.

आठव्या आठवड्यात करवतीने झाड कापलं. वरचा भाग साडेसहा फूट भरला. चादरीत गुंडाळून तो दोघांनी उचलला आणि दारातून तिरका काढला. बिल्डिंगची लिफ्ट धाकट्याने किल्ली लावून चौथ्या मजल्यावर अडवून धरली. आत झाड गेलं, थोरला गेला, धाकटा बाहेरच उरला. खालून कुणीतरी दार ठोकत ओरडत होतं, लिफ्ट बंद आहे का, मेकॅनिकला बोलवा! धाकट्याने जिन्यात वाकून सांगितलं, "मेकॅनिकच आहे मी. दोन मिनिटं," आणि जिन्याने पळत खाली उतरला.

थोरल्याच्या नव्या खोलीला एकच खिडकी होती. तिच्यासमोर कपाट होतं. धाकट्याने उजेड बघितला, कपाट हलवलं, कुंडी ठेवली. मग तासभर काही करण्यासारखं नसूनही थांबला.

खालचा बुंधा पिंपात राहिला होता. धाकट्याला त्याचं काय करावं सुचेना. बायकोने परस्पर ठरवलं. दवाखान्याच्या माळ्याला सांगून तिने ते पिंप टेम्पोत घालून नेलं आणि एक्स-रे विभागाच्या मागच्या दाराशी, छपराखाली ठेवलं. दोन महिन्यांत त्याला तीन फांद्या फुटल्या. तिथे थांबलेले नातेवाईक त्यावर पिशव्या अडकवतात. माळी ओरडतो, मग पुन्हा अडकवतात.

थोरल्याच्या झाडाची सुरुवातीला चार पानं गेली. धाकटा दर रविवारी जायचा, मातीत बोट खुपसायचा, तोंडाने काही म्हणायचा नाही. थोरलाही मग आधीच बोट खुपसून, बोटाला माती लागलेलीच ठेवून दार उघडायचा. पाचवं पान गेलं नाही. मग धाकटा दोन रविवारांनी एकदा जायला लागला. पुढे एकदा तो लागोपाठ तीन रविवार गेला नाही आणि काही बिघडलं नाही.

त्यांतल्या एका रविवारी नवरा-बायको बायकोच्या मावशीकडे गेली आणि तीन दिवस राहिली. मावशीने दोघांना आपल्यासमोर बसवलं आणि तक्रार सुरू केली.

"दहा-अकरा वर्षं झाली ग, एक रात्र राहिली नाहीस कधी. सकाळी यायचीस, दुपारी पळायचीस. एवढं काय होतं घरी?"

"घरात वडीलधारं होतं मावशी," बायको म्हणाली. "त्याला सोडून निघता यायचं नाही."

मावशीने ते खरं मानलं. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तशा आवाजात तिने विचारलं, "फार त्रास झाला का ग त्यांना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. धाकटा चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.